गाडी हौसेची, डिकी संसाराची

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण मुलाच्या गाडीतून पुण्याहून कुंभोजगिरीच्या यात्रेला निघाली. गाडी लहान हॅचबॅक. त्यात सीएनजीची टाकी बसवलेली, त्यामुळे डिकीत जेमतेम दोन पिशव्या राहिल्या. पूजेची पेटी पायाशी आणि शिध्याची पिशवी मांडीवर घेऊन तिने सारा प्रवास केला. आधीच दुखरा असलेला गुडघा उतरताना आखडला. परतल्यावर ती एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्हीच जाऊन या."

हे वाक्य भाच्याच्या मनाला लागले. त्याचा कापडाचा व्यापार, वय अठ्ठावीस. नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा तो माझ्याकडे आला. "मामा, गाडी चालवताना मजा यायला हवी. पण आईची बॅग, पूजेची पेटी आणि माझे नमुन्यांचे गठ्ठेही मावायला हवेत. अशी गाडी असते का?"

असते. मात्र ती शोधताना आधी 'मजा' म्हणजे काय, हे ठरवावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला सपाट भागात ताशी १०० किलोमीटरचीच मर्यादा आहे. तेव्हा कमाल वेगाचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. भरलेली गाडी खंबाटकी घाट दम न लागता चढणे, ट्रकला मागे टाकताना तिने तत्परतेने पुढे सरणे, वळणावर न डोलणे आणि ब्रेक दाबताच सरळ रेषेत थांबणे, हा खरा आनंद. तो टर्बो पेट्रोल इंजिनात चांगला मिळतो, कारण त्याचा जोर कमी फेऱ्यांपासूनच लागतो. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस यांचे दीड लिटरचे इंजिन १५० पीएस शक्ती देते. त्याचा २५० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर सुमारे १,६०० फेऱ्यांपासून मिळतो. ह्युंदाई व्हर्नाचे टर्बो इंजिन १६० पीएसचे आहे.

आता डिकी. व्हर्नाची ५२८ लिटर, स्लाव्हिया व व्हर्टसची ५२१ लिटर. त्याच हौसेची पण आखूड गाडी पाहिली, तर १२० पीएसच्या ह्युंदाई आय-२० एन लाइनची डिकी ३११ लिटरची आहे. या दोन्ही गुणांचा मेळ नामांकित रीतीने घातला तो स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने. तिची डिकी ६०० लिटरची असून मागचे दार काचेसकट वर उचलले जाते. परंतु २०२५ मध्ये भारतात तिच्या अवघ्या १०० गाड्या आल्या, आणि किंमतही पन्नास लाखांच्या घरात. आपल्यासारख्यांनी ती दुरून पाहून समाधान मानावे.

लिटरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. मोजमापाच्या प्रचलित जर्मन पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. प्रत्येक ठोकळा एक लिटरचा. ठोकळा कोपऱ्यात बसतो, आपली कडक सुटकेस बसत नाही. सेडानची डिकी खोल असली तरी तिचे तोंड अरुंद असू शकते. हॅचबॅकची लहान असली तरी तोंड मोठे असते.

म्हणून एका रविवारी आम्ही घरचे सामानच शोरूममध्ये नेले : दोन मोठ्या बॅगा, पूजेची पेटी, शिध्याची पिशवी, एक वळकटी आणि कापडाचे दोन गठ्ठे. विक्रेता आधी हसला, मग स्वतःच बॅगा उचलू लागला. एका गाडीत आकडा मोठा असूनही पेटी उभी आत जाईना. दुसरीत सगळे मावले. पण उंबरा इतका उंच, की वाकून गठ्ठे काढताना माझी कंबर बोलली. तिसरीत सामान तर बसलेच, शिवाय बहिणीने मागे बसून पाय लांब करून पाहिले. गाडी चालवूनही सामानासह पाहिली, कारण रिकाम्या गाडीचा डौल फसवा असतो.

हिशेबाचेही पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. त्यापुढील गाडीवर ४० टक्के. म्हणजे करापूर्वीच्या दहा लाखांवर १ लाख ८० हजारांऐवजी ४ लाख. पेढीच्या नावावर गाडी घेतली तरी सर्वसाधारण व्यापाऱ्याला या कराचे क्रेडिट मिळत नाही. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीला कायद्यानेच ते नाकारले आहे. व्यवसायासाठी झालेल्या वापरापुरता १५ टक्के घसारा मात्र धरता येतो. कर्ज काढायचे तर मुदत आखूड ठेवावी. दहा लाखांवर ९ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता सुमारे २०,७६० रुपये, सात वर्षांचा १६,०९०. हप्ता हलका दिसतो. पण एकूण व्याज अडीच लाखांच्या आतून साडेतीन लाखांवर जाते. बँकेच्या नोकरीत हलक्या हप्त्याला भुललेले पुष्कळ ग्राहक मी पाहिले.

आपल्या घरांसाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा. हौशी मॉडेलांत आसने, स्टीअरिंग आणि गिअरची मूठ कधी कधी खऱ्या चामड्याने मढवलेली असते. आवरण कृत्रिम आहे की प्राणिज, हे लेखी विचारून घ्यावे. आणि सामान भरल्यावर दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे चाकांतील हवा वाढवावी, जड वस्तू तळाशी आसनाला टेकवून ठेवाव्यात.

भाच्याचा पहिला विचार हौसेसाठी एक छोटी गाडी घेऊन यात्रेसाठी जुनीही ठेवण्याचा होता. दोन विमे, दोन देखभाली, दारात दोन जागा. परिग्रह-परिमाण व्रत आपल्याला हौस मारायला सांगत नाही, मर्यादा आखायला सांगते. दोन्ही कामे करणारी एकच गाडी विचारपूर्वक निवडणे, हेही त्या मर्यादेचेच पालन. त्याने दीड लिटर टर्बोची सेडान घेतली आणि जुनी विकून टाकली.

या वर्षी बहीण पुन्हा कुंभोजला गेली. पेटी, पिशवी, वळकटी, सारे डिकीत होते. घाटात मुलगा खुशीत होता आणि आईची मांडी मोकळी होती. जपमाळ धरायला तेवढी जागा पुरे.