तालमूद-अध्ययन

ज्यू धर्मीयांच्या तालमूद या धर्मग्रंथाच्या पद्धतशीर अभ्यासाची विद्याशाखा. ‘तालमूद’ या हिब्रू शब्दाचाच अर्थ ‘अध्ययन’ असा आहे. ग्रंथाचे दोन भाग पडतात. मौखिक परंपरेने चालत आलेल्या धर्मनियमांचा हिब्रू संग्रह म्हणजे मिश्ना. येहूदा हा-नासी याने तो इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध केला. त्यात ६ विभाग व ६३ प्रकरणे आहेत. मिश्नेवरील मुख्यतः ॲरेमाइक भाषेतील चर्चेस गमारा म्हणतात. जेरूसलेमी व बॅबिलोनी असे दोन तालमूद असून दुसरा अधिक प्रमाण मानला जातो.

मुद्रित पृष्ठाच्या मध्यभागी संहिता, एका बाजूस राशी (१०४०–११०५) याचे भाष्य व दुसऱ्या बाजूस ‘तोसाफोत’ ही टिपणे असतात. पूर्वपक्ष, आक्षेप व समाधान अशा क्रमाने विवेचन चालते. अमान्य झालेली मतेही जपून ठेवलेली आढळतात. ‘येशिवा’ या पाठशाळांत दोघे विद्यार्थी जोडीने, परस्परांशी वाद करीत पाठ लावतात. अमेरिकेतील काही येशिवा तालमूदीय विधी या विषयाची स्नातक पदवी देतात. ही पदवी म्हणजे रब्बीपदाची दीक्षा नव्हे. ती स्वतंत्रपणे दिली जाते. जेरूसलेमचे हिब्रू विद्यापीठ व बार-इलान विद्यापीठ येथे बी. ए. पदवीसाठी हा विषय घेता येतो; तेथे हस्तलिखितांची तुलना, भाषा व इतिहास यांवर भर असतो.

महाराष्ट्रातील बेने इझ्राएल समाजाने मात्र कोकणात शतकानुशतके तालमूदविना आपला धर्म टिकविला. सुंता, शनिवारची विश्रांती, आहारनियम व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढी त्याची शिदोरी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. तंट्यांचा निवाडा समाजातील ‘काजी’ करीत. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे कोचीनच्या ज्यू शिक्षकांमुळे हिब्रू विद्येशी संबंध वाढला. १८४६ मध्ये मुंबईत हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये इझ्राएली शाळा निघाली. अशा रीतीने भाषा व उपासना यांचे शिक्षण रुजले, तरी तालमूदीय विधीची विद्वत्परंपरा निर्माण झाली नाही.

या उणिवेचे परिणाम समाजास इझ्राएलमध्ये भोगावे लागले. पूर्वजांचे घटस्फोट व विधवाविवाह तालमूदीय विधीनुसार झाले असतील काय, अशी शंका काढून तेथील मुख्य रब्बीमंडळाने १९६२ मध्ये बेने इझ्राएलांच्या अन्य ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी आवश्यक ठरविली. समाजाने याविरुद्ध तीव्र आंदोलन केले. १९६४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले व रब्बीमंडळाने आदेशातील बेने इझ्राएलांचा खास उल्लेख वगळला. जो ग्रंथ या समाजास कधी शिकविला गेला नव्हता, त्याच्याच आधारे त्याची परीक्षा घेतली गेली. विवाह व वारसा यांसारख्या प्रश्नांत तालमूद-अध्ययनाला केवळ पांडित्याहून अधिक व्यावहारिक महत्त्व आहे, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.