लस टोचणारे हात स्वतःसाठी कधी?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर लस आहे, सोपी तपासणीही आहे. पण घराघरांत आरोग्याचा सल्ला देणारी परिचारिका स्वतःबाबत किती जागरूक आहे?

वस्तीत कुणाला दिवस गेले, कुणाच्या बाळाला ताप आला की पहिला सल्ला विचारला जातो तो शेजारच्या नर्सताईंना किंवा आशाताईंना. म्हणूनच त्यांना जे ठाऊक असते, तेच पुढे चार घरांत पोहोचते.

२०२२ साली भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार जणी दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. याचे मूळ एचपीव्ही या विषाणूत असते. तो शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक वेळा शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते, पण काही जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार दोषी असतात. लस नेमकी यांनाच रोखते.

माहिती आहे, कृती नाही

परिचारिकांच्या पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. कर्करोगाचे नाव ठाऊक असते, पण स्वतःची तपासणी करून घेतलेल्या थोड्याच. त्रास नाही तर तपासणी कशाला, ओळखीच्या डॉक्टरांसमोर संकोच वाटतो, ड्यूटी आणि घर यांतून वेळ मिळत नाही, अशी कारणे पुढे येतात.

गैरसमज दूर करा

लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे ती घेऊन आजार होत नाही. तिने वंध्यत्व येते, यालाही आधार नाही. मुलगी बिघडेल ही भीतीही व्यर्थ आहे. हेपटायटिस बी हा आजारही शरीरसंबंधातून पसरतो, तरी त्याची लस आपण नवजात बाळाला देतोच ना?

९ ते १४ हे लशीसाठी उत्तम वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. विवाहित तरुणींनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेता येते, फायदा मात्र कमी होतो. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी टाळू नये.

ताकद ओळखा

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या द्रावणाने तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हे २०१३ साली जाहीर झाले. डॉक्टर नसलेल्या स्त्रियांनी हे करून दाखवले.

रुग्णालयांनी आपल्या महिला कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी वर्षातून एक दिवस जरूर ठेवावा. कारण लशीबद्दल कितीही सांगितले तरी आई शेवटी एकच प्रश्न विचारते, ‘ताई, तुम्ही तुमच्या मुलीला दिलीत का?’ त्यावर ‘हो’ म्हणता आले, तर आणखी समजावण्याची गरजच पडत नाही.