घरपट्टी भरतोय, म्हणजे घर कायदेशीर आहे का?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलण्यातलं थोडं कापलंय, थोडं नीट लावलंय.

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव पाली, तालुका रत्नागिरी. मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो ना, तेच पाली. सध्या आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच विषय असतात. हायवेला लागून दोन गुंठे घ्यायचे का, आणि जुन्या घरावर स्लॅब टाकायचा का. दोन्हीवर काकांचं एकच उत्तर: "घरपट्टी आपल्या नावावर आहे, कोण विचारतंय?" हे उत्तर का पुरत नाही, ते आज बघूया. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

प्लेगपासून सुरुवात

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. गोदामं, खेटून बांधलेल्या चाळी, उजेड नसलेल्या खोल्या. माणसं मेली, हजारो लोक शहर सोडून गेले. मग १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वसवल्या.

याच ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुप्पट उंचीपर्यंतच इमारत न्यायची. दहा फूट जागा सोडली तर वीस फूट उंची. कारण साधं आहे, तळमजल्याच्या खोलीतूनही थोडं आकाश दिसलं पाहिजे. आज आपण ज्याला 'मार्जिन' म्हणतो, त्याच्या मागे हाच विचार आहे: उजेड, हवा आणि आग लागली तर बंब आत यायला वाट.

१९१५ मध्ये मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा झाला, देशातला असा पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा बंधनकारक केला. पण इथवर सगळा कारभार शहरांचा. गाव यात आलं ते १९६६ च्या 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमा'मुळे. लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. शहराबाहेरच्या मोठ्या प्रदेशाचाही आराखडा करता येईल, असं या कायद्याने ठरवलं. त्याला प्रादेशिक योजना म्हणतात. त्यात कुठली जमीन शेतीची, कुठली राहण्याची, हे झोन ठरतात. म्हणजे मांडवीत सुरू झालेली गोष्ट अशी आपल्या वाडीपर्यंत आली.

चार वेगळे कागद

आपला सगळा गोंधळ हे चार कागद एकच समजल्यामुळे होतो.

सातबारा सांगतो जमीन कोणाची. ग्रामपंचायतीचा नमुना आठ सांगतो घराचा कर कोणाकडून घ्यायचा. बिनशेती, म्हणजे एनए, सांगतं की ही जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येईल. आणि बांधकाम परवानगी सांगते की हा नकाशा, एवढी उंची, एवढी मोकळी जागा, याप्रमाणे बांधा.

घरपट्टी हा कर आहे. बिनपरवाना घरावरही कर लागू शकतो. पावती मिळाली म्हणजे मंजुरी मिळाली, असं होत नाही.

कोकणात अजून एक गुंता आहे. देशावर गावठाण एका जागी असतं, घराला घर लागून. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, प्रत्येक घर आपापल्या आगरात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहतं घरसुद्धा कागदावर गावठाणाबाहेर असू शकतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: आपलं घर गावठाणात आहे का, आणि नसेल तर कुठल्या झोनमध्ये?

नियम किती अवघड आहेत?

वाटतात तेवढे नाहीत. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. त्यात छोट्या प्लॉटला सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फूट, नकाशा आणि कागद देऊन शुल्क भरलं की पावतीच परवानगी धरतात. १५० ते ३०० मध्ये आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. अर्थात जमीन त्या वापरात बसत असेल तरच.

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल. समजा प्लॉट ३,००० फुटांचा आणि एफएसआय १, तर सगळे मजले मिळून ३,००० फूट. मोबाईलच्या डेटा प्लॅनसारखं, एका मजल्यावर संपवा नाहीतर तीन मजल्यांत वाटा.

आता हायवेचे दोन गुंठे. गावाबाहेर राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून साधारण ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. पहिलीच्या आत बांधायचं नाही, दोन्हींच्या मध्ये बांधकामावर निर्बंध. दोन गुंठे म्हणजे जेमतेम २०० चौरस मीटर. रस्त्याला चिकटून घेतले तर घर बांधायला जागा उरेलच असं नाही. जाहिरातीत 'हायवे टच' मोठ्या अक्षरात असतं, हे कुठेच नसतं.

स्लॅबचा प्रश्न

२४ ऑगस्ट २०२०. याच हायवेवरच्या महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, सोळा जण गेले. इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. आपलं घर पाच मजली नाही, मान्य. पण चिऱ्याच्या जुन्या भिंती कौलांच्या छपरासाठी बांधलेल्या आहेत. वर काँक्रीटचा स्लॅब आला की भार कितीतरी पटींनी वाढतो, आणि खालचा पाया किती खोल आहे ते कोणाला आठवतही नाही. गवंडी अनुभवी असला तरी हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. तेव्हा 'कोण विचारतंय' याचं उत्तर असं: तलाठी विचारणार नाही कदाचित, पण भिंत विचारेल.

आणि जुन्या लोकांना नियम नको होते असंही नाही. आपल्या पागोळीचं पाणी शेजाऱ्याच्या आगरात पडू द्यायचं नाही, हा वाडीतला मार्जिनचाच नियम होता. फक्त लिहिलेला नव्हता.

गणपतीला गावी जाल तेव्हा एवढं करा. सातबारा आणि नमुना आठ काढा. नगररचना कार्यालयात झोन दाखला मागा. परवानगी असेल तर ती शोधून फोटो काढून ठेवा. आणि नवीन काही बांधायच्या आधी इंजिनिअरला घर दाखवा. नियम बदलत असतात, म्हणून शेवटचा शब्द त्या कार्यालयाचा, माझा नाही.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाका. काका चिडतील, टाका तरी. भेटू पुढच्या भागात.