विमानतळापर्यंतचा लोहमार्ग : बेंगळुरूची उपनगरी रेल्वे

बेंगळुरूच्या आग्नेयेकडील सर्जापूर रोड हा परिसर माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर दाट वस्तीचा झाला. मे 2008 मध्ये शहराचा प्रवासी विमानतळ उत्तरेकडील देवनहळ्ळीजवळ हलविण्यात आला आणि येथील रहिवाशांना विमान गाठण्यासाठी जवळजवळ संपूर्ण शहर ओलांडणे भाग पडले. वास्तविक सर्जापूर रोडलगत कार्मेलाराम हे रेल्वे स्थानक आहे. यलहंका-चिक्कबळ्ळापूर लोहमार्गही विमानतळाजवळूनच जातो. दोन्ही टोकांना रूळ असताना प्रवाशाला मोटारीचाच आधार का घ्यावा लागतो?

याचे उत्तर लोहमार्ग आणि उपनगरी सेवा यांतील फरकात आहे. ज्या रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्या धावतात, तेथे स्थानिक गाडीला उरलेला वेळ मिळतो. मार्ग एकेरी असेल, तर समोरून येणारी गाडी स्थानकात येईपर्यंत थांबावे लागते. परिणामी फेऱ्या थोड्या आणि त्यांच्या वेळाही गैरसोयीच्या राहतात. जानेवारी 2021 मध्ये विमानतळाजवळ हॉल्ट स्थानक सुरू झाले, तेव्हा हाच अनुभव आला. गाड्या मोजक्या होत्या आणि स्थानकापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा बस घ्यावी लागे. चेन्नईत याउलट चित्र दिसते. तेथील तिरुसुलम स्थानक विमानतळासमोरच, वर्दळीच्या उपनगरी मार्गावर आहे. त्यामुळे वेळापत्रक पाहून घराबाहेर पडण्याची फारशी गरज भासत नाही.

बेंगळुरूसाठी स्वतंत्र उपनगरी रेल्वेची मागणी अनेक दशकांची आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 15,767 कोटी रुपये खर्चाच्या, सुमारे 148 किलोमीटर लांबीच्या व चार मार्गिकांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. जून 2022 मध्ये त्याची पायाभरणी झाली. अंमलबजावणी कर्नाटक सरकार व रेल्वे मंत्रालय यांच्या ‘के-राइड’ या संयुक्त कंपनीकडे आहे. केंद्र व राज्य यांचा वाटा प्रत्येकी 20 टक्के असून उर्वरित 60 टक्के रक्कम कर्जाद्वारे उभारावयाची आहे. मार्गिकांना फुलांवरून नावे देण्यात आली आहेत. बेंगळुरू-देवनहळ्ळी ही सुमारे 41 किलोमीटरची ‘संपिगे’ (सोनचाफा) मार्गिका विमानतळाकडे जाते. हीललिगे-राजानुकुंटे ही सुमारे 46 किलोमीटरची ‘कनक’ मार्गिका कार्मेलारामवरून जाते. दोन्ही मार्गिका यलहंका येथे एकमेकींना भेटतात. म्हणजेच सर्जापूर रोडच्या प्रवाशाला तेथे गाडी बदलावी लागेल आणि त्याचा प्रवास दोन्ही मार्गिका पूर्ण होण्यावर अवलंबून राहील.

येथेच खरी अडचण आहे. प्राधान्य ‘मल्लिगे’ (मोगरा) व ‘कनक’ या मार्गिकांना मिळाले आणि विमानतळाची मार्गिका मागे राहिली. पुढे 2025 मध्ये या दोन मार्गिकांच्या कंत्राटदाराने जागा वेळेवर मिळत नसल्याचे कारण देऊन करार संपुष्टात आणला. निधी मंजूर असूनही भूसंपादन व रेल्वेच्या जमिनीचे हस्तांतरण यांमुळे प्रकल्प रखडतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दरम्यान, एप्रिल 2021 मध्ये केंद्राने सिल्क बोर्ड ते विमानतळ या सुमारे 58 किलोमीटरच्या मेट्रो मार्गास मान्यता दिली. हा मार्ग बाह्य वर्तुळ रस्त्याने, सर्जापूर रोड जेथे त्याला मिळतो त्या इब्लूरवरून जातो. मग त्याच विमानतळासाठी उपनगरी रेल्वे हवीच कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो केवळ विमानप्रवाशाचा विचार करतो. विमानतळावर रोज येणाऱ्यांत सफाई कामगार, सुरक्षारक्षक, सामान हाताळणारे व उपाहारगृहांतील कर्मचारीही असतात. त्यांच्या पाळ्या पहाटे व मध्यरात्री बदलतात आणि देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर यांसारख्या गावांतून येणाऱ्यांना शहरातून जाणाऱ्या मेट्रोचा उपयोग थोडाच. सामानाची पेटी घेऊन वर्षातून चार वेळा येणाऱ्यापेक्षा डबा घेऊन रोज येणाऱ्याला स्वस्त गाडीची निकड अधिक आहे. त्याच्या दृष्टीने गाडीचा वेग दुय्यम ठरतो. पाळी सुटल्यानंतर पहिली गाडी किती वाजता आहे, हे त्याला आधी पाहावे लागते.