गोचिडीची अक्षरे आणि मोडीचे वाचन

काजूचा हंगाम सुरू झाला की पेडणे, डिचोली, सत्तरीतील घराघरांतून माणसे सकाळीच रानाची वाट धरतात. सुटीच्या दिवशी आपले विद्यार्थीही बोंडू गोळा करायला जातात. नेमक्या याच दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे या काळात, रानातील गोचिडीपासून माकडतापाचा धोका असतो. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात 1957 साली हा आजार प्रथम ओळखला गेला. 2015 मध्ये तो सत्तरीतील पाली गावात आढळला, तर 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी. दोडामार्ग म्हणजे आपल्या डिचोलीला लागूनच.

या तापावर नेमके औषध नाही. त्यामुळे तो पसरविणाऱ्या गोचिडीला नीट ओळखणे महत्त्वाचे ठरते. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही त्यातील मुख्य जात. गोचीड पुढच्या पायांवरील एका अवयवाने वास घेऊन माणसाला व जनावराला हुडकते. तिच्या लाळेत अशी द्रव्ये असतात की चावा पटकन जाणवत नाही. हे सारे घडविणाऱ्या सूचना तिच्या जनुकांत, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत लिहिलेल्या असतात.

ही अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. ती यंत्राने वाचता येतात. अमेरिकेतील एका गोचिडीचा संपूर्ण जीनोम 2016 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात सुमारे 2 अब्ज अक्षरे आहेत. चिनी शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये आणखी सहा जातींचे जीनोम प्रसिद्ध केले. त्यांत आपल्या रानातील गोचिडीची एक भावकीतील जातही होती. मग काम संपले का? नाही. खरे काम तेथून सुरू होते.

आपल्याकडील काही जुन्या घरांत अजून मोडी कागद सापडतात. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. समजा, कागदावर ‘काकामालानेतो’ असे आहे. कोणी वाचील, ‘काका माला नेतो’. दुसरा वाचील, ‘का कामाला नेतो?’ अक्षरे तीच, पण तोडले कुठे यावर अर्थ ठरतो. जाणकार मागचा-पुढचा मजकूर पाहून योग्य वाचन करतो.

डीएनएचेही असेच आहे. जनुक कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ते काय काम करते, हे ठरवून तशी नोंद करणे याला जनुकांचे ॲनोटेशन म्हणतात. एटीजी ही तीन अक्षरे सहसा आरंभाची खूण. शेवटाच्या खुणा तीन. पण मध्येच असे तुकडे येतात की जे पेशी वगळते आणि उरलेले भाग जोडून घेते. शिवाय गोचिडीच्या जीनोममध्ये तोच तोच मजकूर पुनःपुन्हा येतो. म्हणून प्रथम संगणक अंदाज बांधतो आणि त्यात चुका होतात. शेजारची दोन जनुके एक समजली जातात, एकाची दोन होतात. कधी परकी पानेही मिसळतात: त्या अमेरिकन गोचिडीचा डीएनए वाचताना तिच्या अंगात राहणाऱ्या एका जिवाणूचा जीनोमही हाती आला होता.

चुकीची नोंद एका संग्रहातून दुसऱ्यात उतरत जाते. गुरांच्या गोचिडीच्या आतड्यातील एका प्रथिनावरून 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात गुरांसाठी लस निघाली. अशा शोधात जनुकाची सीमाच चुकली असेल, तर प्रयोगशाळेतील कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते.

म्हणून रोगवाहक कीटक आणि गोचिडींच्या जीनोमसाठी 2004 मध्ये व्हेक्टरबेस हा संग्रह सुरू झाला. पुढे तो एका मोठ्या संग्रहात विलीन झाला. तेथे जगभरचे अभ्यासक संगणकाचा अंदाज पुराव्याशी ताडून पाहत आणि दुरुस्ती सुचवीत आले आहेत. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. संगणक, जीवशास्त्राचे ज्ञान आणि चिकाटी लागते. गावातील जुना कागद शांतपणे लावणारा डोळाच येथे हवा. आपल्या शाळेतील मुलांपैकी कोणी उद्या हे काम करील, अशी आम्हांला आशा आहे. कारण आपल्या रानातल्या गोचिडीची काळजी आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

तोवर पालकांना विनंती. रानात जाताना अंग झाकणारे कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून मिळणारे प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावावे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुऊन आंघोळ करावी. माकड मेलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. आणि विद्यार्थी मित्रहो, अभ्यासाच्या उत्साहात गोचिडी गोळा करू नका! रानातून आल्यावर ताप आला, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा. अचूक नोंदीची सुरुवात तिथूनच होते.