सांध्यातली तूट

गेल्या आषाढात मुळशी जलाशयाच्या काठी एका शेतकऱ्याच्या अंगणात आमची कॅम्पर व्हॅन तीन दिवस मुक्कामाला होती, आणि त्या तीन दिवसांत पावसाने घटकाभरही उसंत घेतली नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, तेव्हा गाडीतला लहानसा फ्रिज घरघर सुरू करी, चार-पाच सेकंदांत दम टाकी, आणि मिनिटभराने पुन्हा तोच प्रयत्न आरंभी. त्या फ्रिजात पत्नीचे इन्शुलिन होते. भिंतीवरच्या मीटरकडे पाहावे, तर तो १२.४ व्होल्ट दाखवून बॅटरीत निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याची ग्वाही देत होता. कोठार भरलेले आणि घरात उपासमार, असा तो प्रकार होता. अखेरीस यजमानीणबाईंनी उठून इन्शुलिनची कुपी आपल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली, आणि उरलेली रात्र मी जागून काढली.

जागरणात समोरच्या काळ्या पाण्याकडे पाहत असता मनात येई, की हे पाणी विजेसाठीच अडविलेले आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने धरणाचे काम काढले, तेव्हा ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. आणि तरीही गावे पाण्याखाली गेलीच. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरून १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातली चक्रे फिरवीत आले आहे, आणि तिथली वीज मुंबईने वापरली आहे. वीज कुणाच्या तरी पदरचे काही घेऊनच येते, ही जाणीव या काठावर जितकी स्पष्ट होते तितकी अन्यत्र होत नाही. आमच्या १२ व्होल्टांच्या संसाराचा हिशेब मी आजवर धडपणे मांडला नव्हता, याची खंत मला त्या रात्री वाटली.

तिसऱ्या दिवशी आम्ही पिरंगुटला एका गाड्यांच्या वायरमनकडे पोहोचलो. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणे मोजके, आणि हाताला घाई ठाऊक नाही. आमची गाडी पिथमपूरला तयार झालेली जुनी ट्रॅव्हलर. तिला घराचे रूप मात्र पुढे निराळ्याच कारखान्यात मिळाले होते, आणि तिच्या विजेची मांडणी तिथलीच होती. मी सगळी हकिकत सांगून ‘बॅटरी बदलावी लागेल का?’ असे विचारले. मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवले, दुसरे फ्रिजच्या काळ्या तारेला लावले, आणि मला फ्रिज सुरू करण्यास सांगितले. काटेकोरपणे पाहिल्यास तारेच्या या दोन टोकांत व्होल्टांचे अंतर शून्याच्या जवळ असावयास हवे. फ्रिज घरघरला आणि मीटरवर आकडा उमटला : १.५ व्होल्ट. मग हाच प्रयोग धन बाजूला, तिथे ०.५.

‘काका, बॅटरी गेली नाही तुमची. सांधा गेलाय.’

येथे थोडे थांबून हे गणित मांडणे आवश्यक आहे, कारण अनेकांची चांगली बॅटरी याच अज्ञानापायी भंगारात जाते. आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालताना सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम असतो. ६ मीटर तारेतून ५ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. त्यात दीड व्होल्ट सांध्याने गिळला. १२.४ मधून दोन वजा जाता फ्रिजच्या हाती १०.४ उरले, आणि बॅटरी अति रिती होऊ नये म्हणून असे फ्रिज याच आकड्याच्या आसपास स्वतःहून बंद पडतात. फ्रिज बंद पडला की प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की तूटही नाहीशी होते, आणि मीटर पुन्हा निर्धास्तपणे १२.४ दाखवू लागतो. स्वस्थ बसलेल्या तारेचा दाब मोजून काहीच कळत नाही. तिच्या अंगावर भार टाकूनच तिची परीक्षा घ्यावी लागते.

ऋण तार फ्रिजपासून बॅटरीपर्यंत आलीच नव्हती. ती मागच्या चाकाच्या कमानीपाशी चासीला एका बोल्टाने जोडून दिली होती, म्हणजे परतीच्या प्रवाहाची वाट गाडीच्या लोखंडातून काढलेली होती. मोटारींत ही पद्धत सर्रास आहे आणि ती सदोष नाही. दोष होता तो बोल्टाखाली. फ्रिज काही काळ रेटून चालविल्यावर मिस्त्रींनी माझे बोट त्या बोल्टावर ठेवविले. तो कोमट लागला. आमच्या बॅटरीतली सात-साडेसात वॉट शक्ती तिथे नुसती ऊब होऊन जात होती. पाना लावून त्यांनी बोल्ट सोडला, तेव्हा चासीचा रंग न खरवडताच वरून तारेच्या टोकाचा लग आवळलेला दिसला. ताम्हिणीच्या बाजूचा कित्येक हजार मिलिमीटर पाऊस चाकांनी वर्षानुवर्षे तिथे उडविला होता. लोखंडाला तांबूस पापुद्रे सुटले होते, आणि तांब्याच्या तारेवर दही कळकलेल्या पितळी भांड्यावर येतो तसा हिरवा कळंक चढला होता. लग नुसता पकडीने चेपलेला होता. मिस्त्रींनी तार हलकेच ओढली, आणि ती लगासकट न येता एकटीच हातात आली.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून होतो. त्यांनी ६ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, धन आणि ऋण दोन्ही, थेट बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ओढल्या. ही तार नौकांसाठी बनते. तिच्या प्रत्येक बारीक तंतूवर कथलाचा मुलामा असतो. आमच्या घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना ज्या कारणासाठी कल्हई करीत, त्याच कारणासाठी ही तारेची कल्हई. लग हायड्रॉलिक यंत्रात दाबला, की तार आणि लग एकजीव होतात; मग त्यावर नळी सरकवून ती हिटरने आवळायची, आणि चासीवर जिथे जोड अटळ आहे तिथे पॉलिश पेपरने पांढरे लोखंड दिसेतो घासून, आवळून, वरून व्हॅसलीनचा जाड लेप द्यायचा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज फ्रिजच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो फ्रिजजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, हे मिस्त्रींनी मला दोनदा सांगितले. काम संपल्यावर भार टाकून मोजणी झाली : दोन्ही बाजू मिळून तूट ०.२ व्होल्ट.

मग बॅटरीचा विचार निघाला. रोजकीर्द लिहावी तसा आम्ही कागदावर खर्च मांडला : फ्रिज दिवसभरात ४८ अँपिअर-तास, पंखा १६, दिवे ६, पंप आणि फोन मिळून ५, एकूण ७५. शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरविली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे हाताशी खरे ५०. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ८०-९० पर्यंत खुशाल देते. म्हणून ती घेतली. परंतु ती गाडीच्या आल्टरनेटरला सरळ जोडली तर इतका प्रवाह ओढते की आल्टरनेटर तापून जळू शकतो, सबब मध्ये डीसी-डीसी चार्जर बसविला. टपावरचे २०० वॉटचे सौर पॅनेल फाल्गुनात या खर्चाचा बराचसा भाग भरून काढते; मुळशीच्या आषाढात त्याच्यावर विसंबून राहू नये.

एका गोष्टीबाबत मिस्त्रींनी माझा होकार मागितलाच नाही. यजमानाच्या घरातून २३० व्होल्टांची तार गाडीत येते तिथे त्यांनी गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसविला आणि गाडीचा सांगाडा अर्थिंगला जोडला. २०२१ साली राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. शेतावर, अंगणात अशा गाड्या उभ्या राहू लागल्या, की गाडीचे लोखंडी अंग, खाली चिखल आणि दाराशी अनवाणी पोर हे दृश्य नित्याचे होणार. तिथे हा खर्च टाळणे हा गुन्हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यापूर्वी मुळशीच्या रस्त्याने गाडी काढणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : फ्रिज आणि पंखा चालू ठेवून बॅटरीचा ऋण खांब व उपकरणाची काळी तार यांमधले व्होल्ट मोजा, आणि अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले, तर नवी बॅटरी घेण्याआधी चासीवरचा तो बोल्ट सोडून पाहा.