साक्षीदाराच्या पायाशीं

महाभारताच्या आदिपर्वांतील सरमेची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणीं आलेल्या तिच्या पिलास राजाच्या बंधूंनीं अपराध नसतां मारलें. ती जाब विचारावयास आली, तेव्हां कोणी एक शब्दहि बोललें नाहीं. अमेरिकेंतील कित्येक न्यायालयांत मात्र आज त्याच श्वानजातीस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत मानाची जागा मिळाली आहे, आणि तीहि दाद मागणाऱ्या माणसांच्या सोबतीसाठीं!

प्रारंभ अगदीं घरगुती झाला. सिॲटल येथील सरकारी वकील एलन ओ'नील-स्टीफन्स या २००३ सालीं आपल्या अपंग मुलाचा मदतनीस कुत्रा जीटर यास बाल-न्यायालयांत आणूं लागल्या. पुढें एका खटल्यांत दोन जुळ्या बहिणींना प्रत्यक्ष बापाविरुद्ध साक्ष द्यावयाची होती. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जीटरच्या सोबतीनें त्यांना धीर आला. २००४ सालीं त्याच कचेरींत एली नांवाची लॅब्राडोर कुत्री या कामासाठींच रुजू झाली.

परक्या माणसांच्या भरल्या सभेंत, आरोपीच्या नजरेसमोर, झालेली विटंबना तपशीलवार सांगणें मोठ्यांनाहि जड जातें. आपल्या घरांतलें मूल आठवून पाहावें: फुटलेल्या बरणीची हकीकतहि तें आजीच्या पदराआडूनच सांगतें. पण पिंजऱ्यांत आजी बसली तर तिची मान हलेल, डोळे भरतील, आणि मुलाचें उत्तर त्याबरोबर बदललें अशी शंका निघेल. कुत्र्यास खटला कळत नाहीं, हाच येथें त्याचा मोठा गुण.

अर्थात् रस्त्यावरचा कोणताहि कुत्रा चालत नाहीं. पिलें प्रथम वर्षभराहून अधिक काळ हौशी कुटुंबांत वाढतात, मग जाणत्या शिक्षकांकडे जातात, आणि सुमारें दोन वर्षांचीं झालीं म्हणजे कामावर येतात. पंच येण्यापूर्वींच कुत्र्यास पिंजऱ्यांत साक्षीदाराच्या पायाशीं निजवितात. तो भुंकत नाहीं, उठत नाहीं.

तथापि आरोपीच्या वकिलांचा आक्षेप क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. गरीब जनावराकडे पाहून पंचांचें मन फिर्यादीकडे झुकलें तर? २०१३ सालीं वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें हाच प्रश्न आला. घरफोडीच्या त्या खटल्यांत एली एका मतिमंद प्रौढाजवळ बसली होती. कुत्रीच्या उपस्थितीवरून कांहींहि अनुमान काढूं नये, अशी ताकीद पंचांस दिलेली होती. न्यायालयानें शिक्षा कायम केली. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो त्या ताकिदीमुळें. २०१५ सालीं आर्कान्सा राज्यानें बालसाक्षीदारांसाठीं यासंबंधीं कायदाहि केला.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानें मुलाच्या विश्वासांतील आप्तास न्यायालयांत हजर राहण्याची मुभा दिली. प्रश्नहि न्यायाधीशांमार्फतच विचारावयाचे. २०१७ सालीं महाराष्ट्रांतील एका मूकबधिर मुलीच्या खटल्यांत, जिची साक्षच होऊं शकली नव्हती, सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कक्षेंत असहाय साक्षीदारांसाठीं निदान दोन स्वतंत्र केंद्रें उभारण्यास सांगितलें. तेथें कुत्रा आणावा काय? सोवळ्याची अडचण आतां फारशी उरलेली नाहीं. परंतु गल्लींतल्या कुत्र्यांस भिणारीं मुलें आपल्याकडे पुष्कळ. तेव्हां आधीं त्या मुलासच विचारावें लागेल, आणि तें ‘नको’ म्हणालें तर आजीनें मान न हलवितां बसावयास शिकलें पाहिजे.